साळुंक्यांच्या बेटावर खरुचीच्या शोधात

मॉरिशसमधली पहिली सकाळ मराठी माणसाला फसवते. पोर्ट लुईसमधली गल्ली असो की उसाच्या मळ्याला लागून असलेलं एखादं गाव, डोळे नीट उघडण्याआधीच साळुंक्यांची कलकल कानावर येते. पाठोपाठ शिपाई बुलबुल, चिमण्या, आणि किंचाळत डोक्यावरून जाणारे पोपट. खिडकी उघडेपर्यंत आपण कोकणातच कुठेतरी मुक्कामाला आहोत असं वाटत राहतं.

ही सगळी मंडळी आपल्याकडचीच. पिकांवर पडणाऱ्या टोळांचा बंदोबस्त करायला 1762 साली साळुंकी भारतातून मुद्दाम नेली. तिने टोळ खाल्ले आणि मग तिथेच राहिली. पोपट आणि बुलबुल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पिंजऱ्यांतून सुटले. त्याआधीच, 1834 पासून, उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटिया मजुरांची जहाजं लागू लागली होती. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली माणसं बरीच होती. कास्कावेलसारख्या गावात त्यांच्या वंशजांच्या घरी आजही गणपती बसतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. पण माणसांची आणि पाखरांची तुलना इथेच थांबवलेली बरी. मजूर करार करून आले, राबले आणि देश उभा केला. पाखरांनी काय केलं ते पाहायचं तर किनारा सोडून डोंगर चढावा लागतो.

बेटाच्या नैऋत्येला ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान आहे. 1994 साली स्थापन झालेलं, सुमारे साडेसहा हजार हेक्टरांचं. गंगा तलावाला शिवरात्रीला लोटणारे भाविक त्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन परततात. तलावाकाठी प्रसादावर झडप घालणारी माकडं सगळ्यांना आठवतात. ती माकडंही बाहेरची आहेत, आणि प्रसाद नसेल तेव्हा ती घरट्यांतली अंडी खातात. उंदीर आणि मांजरं जहाजांतून उतरली. उंदरांवर उतारा म्हणून 1900 साली भारतातलं मुंगूस आणलं, तर तेही पाखरांच्या मागे लागलं.

ज्या बेटावर माणूस नव्हता आणि जमिनीवर शिकार करणारं एकही सस्तन जनावर नव्हतं, तिथल्या पाखरांना भिण्याचं कारणच पडलं नव्हतं. डोडोचं तेच झालं. तो कबुतरांच्याच कुळातला. आजचा त्याचा सगळ्यांत जवळचा नातलग म्हणजे आपल्या निकोबार बेटांवरचं निकोबारी कबूतर. डच 1598 साली उतरले आणि डोडो दिसल्याची शेवटची विश्वसनीय नोंद आहे 1662 ची. खलाशांनी मारून खाल्ला म्हणून तो संपला, ही गोष्ट अर्धीच खरी. त्याच्या मांसाला डचांनी नावंच ठेवली होती. जमिनीवर घातलेली अंडी डुकरं, उंदीर आणि माकडांच्या तोंडी गेली, तो घाव मोठा होता. मॉरिशसच्या राजचिन्हावर ढालीच्या एका बाजूला हा डोडो आहे, दुसऱ्या बाजूला सांबर, आणि दोघांनी ऊस धरलेला. यातला एक संपलेला आणि उरलेले दोन बाहेरून आणलेले. बेटाचा इतिहास एवढ्या प्रामाणिकपणे कुणी मुद्दाम काढला असेल असं वाटत नाही.

जंगलात भेटतात ते डोडोच्या मागे उरलेले. मॉरिशस खरुची हा छोटा ससाणा त्यांतला सर्वांत नावाजलेला. खरुची आपल्याकडेही आहे, पण ती माळरानावर एका जागी पंख फडफडवत तरंगते. या बेटावरच्या खरुचीचे पंख आखूड आणि गोलसर झाले, कारण तिला दाट झाडीतून वळणं घेत हिरव्यागार पाली पकडायच्या असतात. स्थानिक लोक तिला मांज्योर द पूल म्हणत, म्हणजे कोंबडीखाऊ. पालीवर जगणाऱ्या एवढ्याशा पाखरावर हा आळ! त्यापायी तिला गोळ्याही खाव्या लागल्या. मलेरियाच्या डासांसाठी फवारलेल्या डीडीटीने उरलीसुरली घरटी ओस पाडली आणि 1974 साली रानात अवघ्या चार खरुच्या माहीत होत्या.

पुढची कहाणी चमत्काराची म्हणून सांगितली जाते. जवळून पाहिली तर ती चिकाटीची आहे. कार्ल जोन्स हा वेल्श जीवशास्त्रज्ञ 1979 साली आला. कड्यांवरच्या घरट्यांतली पहिली अंडी काढून घ्यायची आणि ती यंत्रात उबवायची. मादीला वरून खाऊ घालायचं म्हणजे ती पुन्हा अंडी घालते. पिल्लं हाताने भरवून वाढवायची, मग रानात सोडायची. दहा वर्षांत अशा तीनशेहून अधिक खरुच्या रानात गेल्या. ती वाढ मात्र टिकली नाही. त्यांची संख्या पुन्हा घसरली.

एको पोपट ओळखण्यात आपली खरी परीक्षा असते. आपल्या राघूचा हा चुलतभाऊ. रंग गडद, शेपूट आखूड, आवाज खालच्या पट्टीतला. ऐंशीच्या दशकात तो डझनभरच उरला होता, आज काही शे आहे. ढोलीसाठी त्याची गाठ कुणाशी पडते? भारतातून आलेल्या राघूशीच. जुनी झाडं थोडी उरलीत, आणि चांगलं मूळचं जंगल तर बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. बाकीच्या रानात चिनी पेरूच्या झाडीने जमीन दाबली आहे. त्याची आंबटगोड लाल फळं गोळा करायला लोक हौसेने येतात. पाहुण्यांनाही आवडतात, हे कबूल.

ज्यांना डोंगर झेपत नाही त्यांच्यासाठी आग्नेयेला, माहेबूरजवळ, इल ओ एग्रेत आहे. नावाचा अर्थ बगळ्यांचं बेट. प्रवाळाच्या चुनखडीचं, जेमतेम 26 हेक्टरांचं. होडीने काही मिनिटांत पोचता येतं. इथले उंदीर संपवले, एबनीची झाडी पुन्हा लावली, आणि मग गुलाबी कबूतर आणून सोडलं. 1990 च्या सुमारास रानात हे कबूतर दहाच्या आसपास उरलं होतं, आता काही शे आहेत. मळकट गुलाबी अंग, तांबूस शेपूट आणि पायात रंगीत कडी. ठेवलेल्या धान्यावर ती बिनधास्त उतरतात. सोबतीला लाल डोक्याचा फोडी, हा सुगरणीच्या कुळातला, आणि हिरवट चष्मेवाला. जुलै 2020 मध्ये वाकाशियो हे जहाज जवळच्या खडकांवर चढलं, ऑगस्टमध्ये त्यातलं तेल खाजणात पसरलं, तेव्हा यातले काही फोडी आणि चष्मेवाले पकडून मुख्य बेटावर हलवावे लागले होते.

होडी परत येते ती विमानतळापासून फार दूर नसलेल्या किनाऱ्यावर. विमानतळालगतच मार ओ सोंज नावाची दलदल आहे. 1865 साली जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांना तिच्या चिखलात डोडोची हाडं सापडली. जगातल्या संग्रहालयांतले बरेचसे सांगाडे तिथूनच जोडले गेले. सुटणाऱ्या विमानाच्या खिडकीतून तो हिरवा तुकडा बघायचा राहून गेला तरी हरकत नाही. धावपट्टीकडेच्या गवतात किडे टिपत फिरणाऱ्या साळुंक्या दिसल्यावाचून राहत नाहीत.