गोबीच्या वाटेवर

गोबीच्या प्रवासाला निघायचे म्हणजे आधी वाटाड्या शोधायचा. आपल्याकडे एखाद्या आडगावी जायचे असले, तर फाट्यावर उतरून कोणालाही विचारता येते. गोबीत विचारायला माणूस भेटेपर्यंत दिवस कलतो. आणि तो भेटला, तरी गेल्या महिन्यात जेथे राहत होता तेथे आता राहत नसतो! मंगोलिया हा देश १५ लाख चौरस किलोमीटरांहून मोठा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचपट. लोकसंख्या मात्र ३५ लाखांच्या आसपास, आणि त्यांतले निम्मे लोक उलानबातर या राजधानीत. उरलेल्या मुलखात माणूस किती विरळ असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

उलानबातरहून दक्षिणेकडे दालान्झादगाद नावाचे गाव सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे. तेथवर आता डांबरी रस्ता झाला आहे. खरा प्रवास त्यापुढे. बरोबर दोन माणसे असतात: एक दुभाषा आणि दुसरा गाडीवान. कागदोपत्री दुभाष्याला ‘मार्गदर्शक’ म्हणतात. पण माझ्या मते मार्गदर्शक म्हणावे ते गाडीवानालाच. त्याची ती करड्या रंगाची जुनी रशियन गाडी डोंगराच्या आकारावरून, विहिरीवरून, खिंडीतल्या दगडांच्या राशीवरून आपली दिशा धरते. जमिनीवर चाकोऱ्या तर एकाशेजारी एक अशा दहा-बारा उमटलेल्या असतात. एक चाकोरी खोल झाली की पुढचा गाडीवान शेजारून गाडी घालतो, आणि नवी चाकोरी पडते. तेथले दुबळे गवत एकदा चाकाखाली गेले की वर्षानुवर्षे पुन्हा उगवत नाही. प्रवाशाच्या हौसेची किंमत अशी कोणाच्या तरी मेंढीला मोजावी लागते, हे आपण विसरू नये.

खिंडीतल्या त्या राशीला ‘ओवो’ म्हणतात. तेथे गाडी थांबते. तीन प्रदक्षिणा घालायच्या, एक दगड राशीवर ठेवायचा, आणि मग पुढे निघायचे. प्रदक्षिणा उजवी घालायची हे आपल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

गोबी म्हणजे वाळूचा समुद्र, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. गोबीचा बहुतेक भाग खडीचा, मुरमाड आणि खुरट्या झुडपांचा आहे. वाळूच्या टेकड्या फारच थोड्या. त्यांत खोंगोरिन एल्स या नावाची टेकड्यांची ओळ मोठी प्रेक्षणीय आहे. कोरडी वाळू उतारावरून घसरू लागली की दूरवर विमान चालल्यासारखा घुमणारा आवाज येतो. कणावर कण घासून हा नाद उठतो.

या वाळवंटाला लागूनच डोंगर उभे आहेत, हे आणखी एक नवल. अल्ताई पर्वताची पूर्वेकडची शेपटी येथवर येऊन पोचते. तिच्या टोकाला गुर्वान साइखान, म्हणजे ‘तीन सुंदर’, या नावाच्या रांगा आहेत. त्यांत योलीन अम नावाची घळ आहे. ‘योल’ म्हणजे दाढीवाले गिधाड. हाडे खडकावर आपटून फोडणारा हा पक्षी आपल्या हिमालयातही आहे. घळ इतकी अरुंद आणि सावलीची की हिवाळ्यात साचलेला बर्फ पूर्वी ऐन उन्हाळ्यातही टिकून असे. अलीकडे तो उन्हाळा सरायच्या आत वितळून जातो.

बायान्झाग येथल्या तांबड्या कड्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९२३ साली रॉय चॅपमन अँड्रूज या अमेरिकन संशोधकाच्या मोहिमेला येथे डायनोसॉरची अंडी सापडली. अंड्यांपाशीच एका वेगळ्या प्राण्याचा सांगाडा मिळाला. हा दुसऱ्याची अंडी खायला आला असावा, असे समजून त्याचे नाव ठेवले ‘ओव्हिरॅप्टर’, म्हणजे अंडीचोर! सत्तर वर्षांनी, १९९३ साली, गोबीतच तशा एका अंड्यात गर्भ मिळाला, तेव्हा कळले की तसली अंडी त्याच्याच जातीची. चोर कसला, तो तर आईबाप निघाला. पण शास्त्रातले नाव एकदा पडले की पडले.

आता बिऱ्हाडाकडे वळू. दूरवर पांढरा ठिपका दिसतो, तो ‘गेर’, म्हणजे लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू. लाकडी जाळीच्या भिंती, वर छत्रीच्या काड्यांसारखे दांडे, आणि माथ्यावर उजेडासाठी नि चुलीच्या धुराड्यासाठी चक्राकार झरोका. दार नेहमी दक्षिणेला. त्यामुळे झरोक्यातून आत पडलेला उन्हाचा तुकडा भिंतीवर कोठे सरकला आहे, ते पाहून वेळ कळते. जवळ गेल्यावर दार ठोठवायचे नसते. लांबूनच हाक मारायची, ‘नोखोइ खोर!’, म्हणजे ‘कुत्रा आवरा!’ आत शिरताना उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. डाव्या बाजूने जायचे, ती पाहुण्यांची बाजू. दारासमोरची आतली जागा वडीलधाऱ्यांची नि देवाची. वाडगा उजव्या हाताने घ्यायचा, डावा हात कोपराला लावायचा.

वाडग्यात चहा असतो, पण बरे का, तो खारा! दूध, पाणी, मीठ आणि नावापुरती चहाची पत्ती. सोबत वाळवलेल्या दह्याचे दगडासारखे टणक तुकडे. चुलीत जनावरांचे वाळलेले शेण जळत असते. आपल्या गोवरीचाच प्रकार, पण थापायचे कष्ट नाहीत; कोरड्या हवेत ते पडल्याजागी वाळते. कोणीही अनोळखी माणूस येवो, त्याला चहा आणि निवारा मिळतो. यात नुसता भाबडेपणा नाही. आज दारात उभा राहिलेला माणूस म्हणजे उद्या बर्फात चुकलेले आपणच, हे प्रत्येक गुराख्याला पक्के ठाऊक असते.

घोडा, गाय, मेंढी, बकरी आणि उंट ही मंगोल माणसाची पाच धने. गोबीत मान उंटाचा, आणि तोही दोन मदारींचा. उंटिणीचे पोट तेरा महिन्यांचे. वसंतात ती विते. पण वेणा फार झाल्या, की कधी पिलाला जवळ येऊ देत नाही. लाथ मारते, थुंकते. दूध नाही मिळाले, तर पिलू मरणार. तेव्हा घरातली एखादी जाणती बाई पुढे होते. उंटिणीला पिलाजवळ बांधतात आणि ती बाई ‘खोस, खोस’ असा एकच शब्द संथ सुरात आळवत राहते. शेजारी घोड्याच्या डोक्याचा आकार कोरलेले दोन तारांचे मोरिन खूर वाद्य वाजवतात. हे पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. उंटीण चिडली तर सूर बदलायचा, शांत झाली तर तोच धरून ठेवायचा. कधी तासन्‌तास जातात. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते आणि ती पिलाला हुंगून पाजते. या गाण्याची २०१५ साली युनेस्कोने तातडीने जतन करावयाच्या परंपरांत नोंद केली. तातडी कशासाठी? मोटारसायकली आल्या, उंट कमी झाले, नि गाणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या.

पण सर्वांत मोठे भय ‘झुद’चे. उन्हाळ्यात पाऊस कमी पडला की जनावर रोड राहते, आणि मग कडक हिवाळा येतो. बर्फ फार पडले तर गवत गाडले जाते. हा पांढरा झुद. मुळीच न पडले तर जनावराला पाण्याऐवजी चाटायला बर्फही मिळत नाही; हा काळा. बर्फ वितळून पुन्हा गोठले, की जमिनीवर काचेसारखा पापुद्रा चढतो आणि खुराने तो फुटत नाही, हा लोखंडी. २००९-१०च्या हिवाळ्यात ८० लाखांहून अधिक जनावरे मेली. २०२३-२४ मध्ये ७० लाखांहून अधिक. कळप गेलेली कुटुंबे तंबू गुंडाळून उलानबातरच्या कडेला येतात, आणि कोळसा जाळून थंडी काढतात.

यात बकरीचाही वाटा आहे. १९९०नंतर सहकारी कळप मोडून जनावरे खासगी झाली. पश्मिन्याला बाहेर चांगला भाव, म्हणून बकऱ्या वाढल्या. आणि बकरी गवत मुळासकट ओरबाडते. त्याच काळात, १९९० ते २०००, लडाखचे कुशक बकुला रिंपोछे तेथे आपले राजदूत होते. लडाखातही पश्मिन्यावर जगणारे चांगपा गुराखी आहेत, तेव्हा हे दुखणे त्यांना अनोळखी नसावे.

जायचे तर जून ते सप्टेंबर हे महिने सोयीचे. ते उंटिणीचे गाणे ऐकायचे असेल, तर मात्र मार्च-एप्रिलमध्ये जावे लागेल. तेव्हा धुळीची वादळे उठतात, रात्री पाणी गोठते, आणि गुराख्याला पिलांमागे क्षणाची उसंत नसते. एका घरी एक रात्र राहावे, विहिरीपाशी साबण काढू नये, आणि सकाळी गाडीवान सांगेल तेव्हा निघावे.