जुन्या वखारीचें कांदाघर : वारा व ऊब यांचा हिशेब

गोदाकांठच्या आमच्या एकलहरे परिसरांत, आणि पलीकडे निफाडच्या बाजूसहि, बहुतेक जुन्या मळ्यांतून एखादी तरी निकामी इमारत उभी दिसते. कोठें धान्याची वखार, कोठें गुऱ्हाळघर, कोठें बैलांचा गोठा. बैल गेले, गुऱ्हाळें थांबलीं, धान्य खळ्यावरून थेट बाजारांत जाऊं लागलें; भिंती मात्र राहिल्या. चैत्र-वैशाखांत उन्हाळ कांद्याचा भाव उतरला म्हणजे मालकाची नजर साहजिकच या भिंतींकडे वळते, आणि तो मनांत म्हणतो, नवी चाळ कशाला? दोन पंखे बसवूं आणि कांदा येथेंच भरूं. मंडळाच्या कित्येक सभासदांनीं आम्हांस याविषयीं पृच्छा केली आहे. उत्तर देण्याचा थोडाबहुत अधिकार आम्हांस आहे, असें आम्ही समजतों. कारण हाच विचार आम्हीं केला होता, आणि त्याची किंमतहि मोजली आहे.

आमची वखार सात खणांची, आंतून सुमारें पस्तीस फूट लांब व बारा फूट रुंद. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, दगडी जोतें, वर पत्रा, दक्षिणेस एक दार आणि उत्तरेच्या भिंतींत आढ्याखालीं दोन झरोके. २०२१ च्या मे महिन्यांत या झरोक्यांच्या जागीं आम्हीं हवा बाहेर फेंकणारे दोन पंखे बसविले, जमिनीवर विटांचा एक थर देऊन वर पाचट पसरलें, आणि चार खणांत पंचवीस टन कांदा भिंतीस टेकवून सहा-सात फूट उंच भरला. पंखे रात्रंदिवस चालत. दारांत उभें राहिलें असतां वाऱ्याचा झोत अंगास चांगला जाणवे, त्यामुळें काम उत्तम वठलें अशी आमची समजूत झाली. श्रावणांत दुर्गंधि सुटली. ढीग उकरून पाहतां वरचा हातभर थर कोरडा खडखडीत, त्याखालचा कोमट व ओलसर, आणि तळाशीं भिंतीलगत हात घालवेना. तिसरा हिस्सा माल उकिरड्यावर गेला. त्या वर्षींचें कर्ज आम्हीं याच कांद्याच्या भरंवशावर उचललें होतें. तें फेडण्यास पुढल्या हंगामाचा द्राक्षांचा पैसा घालावा लागला.

चूक कोठें झाली हें समजण्यासाठीं कांदा म्हणजे काय हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. तो धोंड्यासारखा निर्जीव माल नव्हे. काढल्यानंतरहि तो श्वास घेतो, प्राणवायु ओढतो, कर्बाम्ल वायु व पाण्याची वाफ सोडतो, आणि ऊष्मा उत्पन्न करतो. एका कांद्याचा ऊष्मा नगण्य. पंचवीस टनांचा ऊष्मा बाहेर पडण्यास वाट नसेल, तर ढीग आपला आपणच तापतो, आणि तापला म्हणजे त्याचा श्वास आणखी जोरानें चालतो. साठवणींत तीन वाटांनीं नुकसान होतें : वजन घटतें, कांदा सडतो, आणि कोंब येतो. उष्णता व कोरडेपणा अतिशय झाला कीं वजन जातें. उष्णता व ओल एकत्र आलीं कीं सड व काजळी लागते. आणि हवा मध्यम गार झाली, म्हणजे दहा ते वीस अंशांच्या (सेंटिग्रेड) आसपास आली, कीं कोंब फुटतात. म्हणून कांद्यास दोनच मुक्काम मानवतात. एक शून्य ते दोन अंशांचें शीतगृह, व दुसरा पंचवीस ते तीस अंशांचें, शेंकडा ६५ ते ७० आर्द्रतेचें, वाहत्या हवेचें घर. पहिला मुक्काम आपल्या आवांक्याबाहेरचा, शिवाय तेथून बाहेर काढलेल्या कांद्यास घाम फुटतो व कोंबहि लवकर येतात. लासलगांवीं २००२ सालीं सुरू झालेल्या विकिरण केंद्राच्या प्रक्रियेनें कोंब थांबतात हें खरें. पण सड व वजनांतील घट तिनें थांबत नाहीं. तेव्हां दुसरा मुक्काम कसा साधावा, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्या शेतकऱ्यांनीं चाळीच्या रूपानें तो पुष्कळ अंशीं सोडविला आहे. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, कप्पा चार फुटांहून रुंद नाहीं, थर पांच फुटांहून उंच नाहीं, बाजू बांबूच्या पट्ट्यांच्या, आणि पाऊस आंत येऊं नये म्हणून छपराच्या वळचणी लांब सोडलेल्या. या मापांपैकीं एकहि शोभेसाठीं नाहीं. वारा चार फूट ढिगांतून आरपार जातो, आठ फुटांतून जात नाहीं. इतकी साधी ती गोष्ट आहे. राष्ट्रीय बागवानी संशोधन प्रतिष्ठान, जें १९७७ सालीं स्थापन झालें व ज्याचें कार्यालय येथून जवळच चितेगांव फाट्यावर आहे, त्यानें याच तत्त्वावरील चाळींचा प्रसार केला. कांदा व लसूण संशोधन केंद्रहि १९९४ सालीं प्रथम नाशिकासच निघालें होतें; १९९८ त तें राजगुरुनगरास गेलें.

आतां वखारीकडे पाहा. तिला चारहि बाजूंस भिंती. वारा आरपार जाणें शक्यच नाहीं. म्हणून जें काम चाळींत निसर्ग फुकट करतो, तें येथें यंत्राकडून करून घ्यावें लागतें. परंतु यंत्र हुकूम ऐकत नाहीं, सोपी वाट ऐकतें. आमचे पंखे हवा ओढीत होते. ती दारांतून येई, ढिगाच्या डोक्यावरून जाई, आणि पंख्यांतून बाहेर पडे. कांद्याच्या पोटांत शिरण्याचें तिला कारणच नव्हतें. दारांत अंगावर येणारा जो झोत आम्हांस सुखवीत होता, तोच आमच्या नुकसानीचा पुरावा होता.

पुढील वर्षीं आम्हीं पंखे आढ्याखालून काढून जोत्याशीं आणले, आणि हवा ओढण्याऐवजीं आंत ढकलण्याची व्यवस्था केली. जमिनीवर राखेच्या विटांचे दोन फूट उंच पाये उभारले. एकलहऱ्याच्या औष्णिक विद्युत् केंद्राच्या राखेपासून केलेल्या या विटा येथें सहज मिळतात. धुराड्यांखालीं राहण्याचा तेवढा एक लाभ! पायांवर लांकडी वासे, त्यांवर बोटभर फटी ठेवून बांबूच्या पट्ट्या, अशी दुसरी जमीन सातहि खणांत केली. या दोन जमिनींमधील पोकळी हीच वाऱ्याची कोठी. पंखा कोठींत हवा भरतो, आणि तिला वर जाण्यास कांद्यांतून जाण्यावांचून अन्य मार्ग राहत नाहीं. ढीग पांच फुटांचाच ठेवला, भिंतींपासून फूटभर दूर, स्वतःच्या बांबूच्या चौकटींत. याचें दुसरेंहि कारण आहे : मातीची भिंत वरचें ओझें पिढ्यान्‌पिढ्या पेलते, पण आडवा रेटा सोसण्यासाठीं ती बांधलेली नसते. कांदा भिंतीस टेकविणें म्हणजे भिंतीस ढकलणें होय. तसेंच नवीं भोंकें पाडतांना तुळईच्या खालची जागा सोडून पाडावींत व प्रत्येकावर दगडाची किंवा लोखंडाची पट्टी द्यावी. या बाबतींत चांगल्या गंवड्याचा सल्ला घेण्यांत कोणीं कमीपणा मानूं नये.

चौकटीच्या बाजू सर्वत्र फटीच्या ठेवल्या, ही मात्र आमची आणखी एक चूक. हवा तळांतून वर येतांच जवळच्या फटींतून बाजूस पळूं लागली. खालच्या तीन फुटांस आंतून गोणपाट लावल्यावरच ती वरपर्यंत गेली. ढिगाचा माथाहि सपाट हवा. जेथें थर पातळ तेथून सगळा वारा निसटतो, आणि जेथें माती व पातीचा कचरा सांचला तेथें तो मुळींच शिरत नाहीं. म्हणून शिडीवरून एकाच जागीं गोण्या ओतूं नयेत.

पंखा किती मोठा घ्यावा? इंग्लंडांत कांदा ओला असतांनाच कोठारांत आणून सुकवितात. तेथें पहिल्या टप्प्यांत टनामागें ताशीं सुमारें ४२५ घनमीटर हवा धरण्याची वहिवाट आहे. त्या हिशेबानें पंचवीस टनांस ताशीं १०,६०० घनमीटर हवा लागेल. आपणांस तेवढी जरूर नाहीं, कारण सुकवणीचें काम आपला वैशाख करतो. कांदा पातीसह तीन ते पांच दिवस शेतांत सुकवावा, मग इंचभर मान ठेवून पात कापावी, आणि दहा-बारा दिवस सावलींत पसरावा. तेवढें केलेल्या मालास टनामागें ताशीं शंभर घनमीटर, म्हणजे एकूण अडीच हजार घनमीटर, आमच्या अनुभवें पुरतात. हवा आंत घेण्याच्या वाटेंत तिचा वेग सेकंदास दीड मीटरहून वाढूं द्यावयाचा नसेल, तर वाट सुमारें पांच चौरस फुटांची हवी. आणि आढ्याखालीं बाहेर जाण्याची वाट त्याहून लहान असतां कामा नये. पंख्यावर छापलेला आंकडा मोकळ्या हवेंतला असतो. ढिगाचा अडथळा आला कीं साध्या पात्यांचा पंखा गुरगुरतो पुष्कळ, हवा देतो थोडी. विकत घेतांना अडथळ्यासमोर तो किती हवा देतो हें विचारावें, व दुकानदारास तें सांगतां येत नसेल तर दुसरें दुकान पाहावें.

आतां उबेचा प्रश्न. कांदा तापवावयाचा कशाला, असें वाचक विचारतील. उत्तर असें कीं, ऊब कांद्यास नको, हवेस हवी. आषाढ-श्रावणांत बाहेरील हवा पंचवीस अंशांवर शेंकडा ८५ आर्द्रतेची असते असें धरूं. तीच हवा चार अंश तापविली तर तींतील पाणी तेवढेंच राहतें, पण तिची पाणी धरण्याची शक्ति वाढते, आणि आर्द्रता शेंकडा ६७ वर उतरते. म्हणजे नेमकी आपणांस हवी तेवढी! परंतु ताशीं अडीच हजार घनमीटर हवा चार अंश तापविण्यास सुमारें सव्वातीन युनिट वीज ताशीं जळते. आठ तासांचे सव्वीस युनिट झाले. पंधरा दिवसांची झड लागली तर बिलाचा आंकडा कांद्याच्या भावास गिळील. म्हणून आम्हीं विजेचा तापक फार थोडे दिवस वापरला, व पुढें काढून ठेवला.

त्याऐवजीं पत्र्याकडून काम घेतलें. पत्रा हा वखारीचा मूळचा वैरी. मे महिन्यांत तो आंत भट्टी करतो, आणि पावसाळ्याच्या रात्रीं गार पडून आंतल्या बाजूस घाम गाळतो. तो घाम थेंबाथेंबानें कांद्यावर पडतो. पत्र्याखालीं फूटभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचें छत केलें, त्यावर ऊंसाचें पाचट अंथरलें, व घाम झेलण्यासाठीं मध्यें उतरतें मेणकापड ताणलें. पत्रा व छत यांमधील हवा उघडीप पडतांच चांगली तापते. ती एका लांकडी नळानें खालीं पंख्याच्या तोंडाशीं आणली. नळास झडप आहे. पावसाळ्यांतील उन्हाच्या तासांत ती उघडावी, आणि वैशाख-ज्येष्ठांत कटाक्षानें बंद ठेवावी, नाहींतर पस्तीस-चाळीस अंशांचा वारा खाऊन कांदा आपलें वजन गमावून बसेल. आकाश दिवसच्या दिवस झांकलेलें असतां या युक्तीचा फारसा उपयोग होत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

कोणी म्हणेल, शेगडी पेटवून ठेवली तर? बंद घरांत कोळशाची शेगडी कधींहि ठेवूं नये. अर्धवट जळणाऱ्या कोळशापासून जो विषारी वायु निघतो त्यास वास नाहीं, रंग नाहीं, आणि झोपलेल्या माणसास त्याची चाहूलहि लागत नाहीं. राखणदार ज्या इमारतींत निजतो, तींत तर ही सूचना दारावर लिहून लावावी. ज्यांस याच इमारतीच्या एखाद्या खणांत कोंबडीचीं पिल्लें वाढवावयाचीं आहेत, त्यांसहि हेंच सांगणें आहे : पिल्लांस पहिल्या आठवड्यांत पस्तीस अंशांपर्यंत ऊब लागते, पण ती धुरावांचूनची हवी, आणि त्या खणाची हवा कांद्याच्या कोठींत जातां कामा नये.

पंखा केव्हां चालवावा हें घड्याळावर ठरवूं नये. आम्हीं दारावर दोन उष्णतामापक टांगले आहेत; एक कोरडा, दुसऱ्याच्या गोळीस ओली चिंधी. अठ्ठावीस अंशांच्या सुमारास दोहोंत पांच अंशांचें अंतर असेल तर आर्द्रता शेंकडा ६५, चार अंशांचें असेल तर सुमारें ७२. चाराच्या खालीं अंतर आलें कीं पंखा बंद. यास अपवाद एकच : ढिगांत खुपसलेल्या बांबूच्या नळींतील तिसरा मापक बाहेरच्या हवेहून तीन-चार अंश वर चढला, तर हवा दमट असली तरी पंखा लावावा, कारण तापलेला ढीग थांबत नाहीं. शेतीच्या वाहिनीवर जेथें वीज रात्रपाळीनें येते, तेथें पंखा नेमका सर्वांत दमट तासांत चालतो. विजेच्या केंद्राचीं धुराडीं ओसरीवरून दिसत असतांहि आम्हांस हें सोसावें लागलें, आणि शेवटीं पंख्यासाठीं घराच्या जोडणीवरून स्वतंत्र तार, भार पुरेल याची खात्री करून, ओढावी लागली.

२०२३ सालीं दसऱ्यानंतर ढीग उघडला तेव्हां घट सहाव्या हिश्श्याच्या आंत होती. यावरून सर्वांनीं वखारी फोडाव्या असें आमचें म्हणणें नाहीं. शेजारच्या एका बागाईतदाराची उघड्या रानांतील साधी चाळ आहे; त्यांची घट आमच्याहून फारशी अधिक नव्हती, आणि विजेचें बिल शून्य. ज्यांजवळ वाऱ्याची मोकळी जागा आहे त्यांनीं चाळच बांधावी. तिला सरकारी साहाय्यहि मिळत आलें आहे. २०१४ च्या नियमांत पंचवीस टनांच्या चाळीस पावणेदोन लाख खर्च धरून निम्मी रक्कम देण्याची तरतूद होती. जुन्या इमारतीच्या फेरबदलास तें साहाय्य लागू पडेल असें गृहीत धरूं नये. आराखडा ठरलेला असतो, म्हणून भिंतीस पहार लावण्यापूर्वीं तालुका कृषि अधिकाऱ्याकडे विचारणा करावी. ज्यांची इमारत भक्कम आहे व मोकळी जागा नाहीं, त्यांनीं कांदा भरण्याआधीं रिकाम्या कोठींत पंखा चालवून, बांबूच्या जमिनीवर जागोजागीं उदबत्ती धरून पाहावी. धूर ज्या खणांत सरळ वर जाणार नाहीं, त्या खणाची दुरुस्ती तेव्हांच करून घ्यावी. ढीग वर चढल्यावर तेथें हात पोंचत नाहीं.