नवा बूट चावू नये म्हणून

मी वडूजचा. बी.टेक. केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि सुट्टी मिळाली की डोंगरात जातो. ज्यांना आजचा भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी तो इथं लिहून काढलाय.

विषय आहे टॅक्टिकल बूट. घोट्याच्या वर जाणारे, फौजी घालतात तसे. आपल्याकडं ट्रेकवाले घेतात, भरतीची तयारी करणारी पोरंही घेतात. आणि पहिल्याच दिवशी बरेच जण लंगडत घरी येतात.

त्यातलाच मी एक. दोन वर्षांपूर्वी वासोट्याला जाताना बॉक्समधले नवेकोरे बूट थेट पायात चढवले. वासोट्याला बामणोलीहून बोटीनं कोयनेचं पाणी ओलांडायचं, जंगलातून चढायचं आणि संध्याकाळच्या आत बोटीपाशी परत यायचं. उशीर चालत नाही. उतरताना माझ्या दोन्ही टाचांना फोड, अंगठ्याचं नख काळंनिळं. माझ्यामुळं सगळा ग्रुप रखडला. बोट मिळाली, पण थोडक्यात. टेस्टिंग न करता कोड लाइव्ह करायचा नसतो हे ऑफिसात रोज म्हणणारा माणूस मी, आणि बुटाच्या बाबतीत नेमकं तेच केलं.

आधी फोड येतो कसा ते बघू. आपल्याला वाटतं, बूट घासतो म्हणून कातडी सोलते. खरं तर घामानं कातडी मोज्याला चिकटून राहते आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला पुढं-मागं सरकतं. या ओढाताणीत कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधे पाणी भरतं. म्हणजे शत्रू दोन: बुटात पाय हलणं आणि ओल. पुढचं सगळं या दोघांसाठीच.

माप. बूट संध्याकाळी घालून बघा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. ट्रेकला घालणार तेच जाड मोजे बरोबर न्या. लेस न बांधता पाय पुढं सरकवा. टाचेमागं एक बोट जायला हवं. लेस बांधल्यावर टाच जागेवरून उचलली जाऊ नये, पण बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. दुकानात जिना असेल तर उतरून बघा. उतारावर बोटं पुढं आपटली, तर नख गेलंच म्हणून समजा. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, माप त्याचं धरा. ऑनलाइन घेताना आकडा यूकेचा की अमेरिकेचा ते बघा. पुरुषांच्या बुटात अमेरिकेचा आकडा साधारण एकनं जास्त असतो.

प्रकार. 'वॉटरप्रूफ' शब्दाला भुलू नका. खटाव-माणच्या उन्हात असा बूट आतून घामानं भिजतो. आणि सह्याद्रीतल्या पावसाळ्यात ओढा ओलांडताना पाणी वरून शिरलं, तर ते आतच राहतं. व्हिएतनामच्या जंगलात अमेरिकी सैनिकांना दिलेल्या बुटांना पाणी बाहेर जायला बाजूला बारीक भोकं होती, ती याच कारणासाठी. आपल्याला कापड आणि चामडं मिळून केलेला, हवा खेळणारा बूट बरा.

लेस. पंजावर जरा सैल, घोट्यापाशी घट्ट. घोट्याच्या वळणावर लेसला दोन पीळ द्या आणि मग वर जा. टाच मागं बसून राहते. उतार सुरू होण्याआधी एकदा पुन्हा आवळा.

रुळवणं. हे आपल्याला शिकवायला नको. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला सातारा जिल्हाही आहे. नवं पायताण चावतं म्हणून आमचे आजोबा त्याला तेल लावायचे, आठवडाभर घर ते पार एवढंच चालायचे आणि मगच बाजाराला घालायचे. बुटाचं वेळापत्रक तेच. फक्त तेल नको; बुटाला त्याचंच क्रीम लावा, तेही थोडं.

पहिले चार-पाच दिवस घरात तासभर. मग आठवडाभर रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर. मग पाठीवर सॅक घेऊन एखादा छोटा चढ. आपल्याकडं भूषणगडाच्या पायऱ्या त्यासाठी झकास. चामडं जाड असेल तर जास्त दिवस लागतील. गरम पाण्यात बुडवायचं, चुलीपाशी वाळवायचं, असले उपाय करू नका; गोंद सुटतो आणि चामडं कडक होतं. आणि हे नीट ऐका: रुळवून बूट मऊ होतो, मोठा होत नाही. लहान माप बदलूनच घ्या.

चालताना एखादी जागा तापल्यासारखी वाटली, की लगेच थांबा. मोजा काढा, पाय कोरडा करा, तिथं चिकटपट्टी लावा. दहा मिनिटं जातात, पण दिवस वाचतो. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका. घरात कुणाला मधुमेह असेल, तर त्यांना पायाची जखम कधी कधी जाणवतही नाही. त्यांनी रोज पाय बघावेत आणि फोड दिसला की डॉक्टरांकडं जावं.

शेवटचं, बूट वर्षानुवर्षं कपाटात ठेवून एकदम बाहेर काढला, तर सोल वाकवून बघा. काही सोल दमट हवेनं आतून कुजतात आणि वाटेतच तुकडे पडतात.

परवा चुलतभावाचा फोन आला. भरतीसाठी पळतोय. म्हणाला, "दादा, बूट आले! उद्यापासून यातच 1600 मीटर मारतो." म्हटलं, "बाबा, पळायला पळायचेच बूट घाल. हे आठवडाभर घरात घालून फिर, आईला पाणी भरू लाग." हसला. पण काल काकू सांगत होत्या, पोरगं बूट घालून दळण आणायला गेलं होतं.

चला, भेटू पुढच्या भागात. पाय सांभाळा!