शिक्का नसलेली गाडी

जानेवारी २०१७ मध्ये नाशिक महापालिकेने अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार हटवला. मोठा पोलीस बंदोबस्त, ओळीने जेसीबी आणि रस्त्याच्या दुतर्फा कोसळणाऱ्या पत्र्याच्या शेड असं ते दृश्य होतं. बाजार अनधिकृत होता, आसपासचे रहिवासी त्याला कंटाळले होते आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेलं होतं. त्यामुळे कारवाई चूक होती, असं कुणी म्हणणार नाही. पुढे बाजार पुन्हा बसला आणि २०२५ मध्ये पुन्हा उठवला गेला.

घरी जुनी गाडी बांधणाऱ्या हौशी माणसाला मात्र या रस्त्याची आठवण वेगळी आहे. कंपनीत मिळणं बंद झालेला दरवाजा, जीपचा गिअरबॉक्स, डिफरन्शिअलचं हाउसिंग, पितळी नळ्या शोधायच्या तर पाय आधी भंगाराकडे वळायचे. तिथे वस्तूची ओळख ज्याची त्याने पटवायची आणि भाव काट्यावर ठरवायचा. भंगारातून उचललेला भाग दोन-चार गल्ल्या ओलांडून अंबडच्या एखाद्या लेथवर जायचा, तिथून वेल्डरकडे आणि शेवटी सिडकोतल्या घरापुढच्या ताडपत्रीखाली. महाराष्ट्रात घरी गाडी बांधण्याची गोष्ट या रस्त्याहून बरीच जुनी आहे. ती मागे जाऊन पाहिली की एकच अडचण वेगवेगळ्या वेशात भेटत राहते.

तिची सुरुवात इचलकरंजीपासून करावी लागते. तिथल्या शंकरराव कुलकर्णी यांचं शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचं. या गृहस्थांनी १९४९ मध्ये स्वतःच्या कल्पनेतली दोन आसनी छोटी मोटार रस्त्यावर आणली. नाव ‘मीरा’. एक नमुना करून ते थांबले नाहीत. पुढची पंचवीसेक वर्षं एकामागून एक सुधारित नमुने करत राहिले. शेवटच्या काळातल्या मीराचं दोन सिलिंडरचं छोटं इंजिन मागच्या बाजूला होतं आणि ती बारा हजार रुपयांत देता येईल असा त्यांचा हिशेब होता. जयसिंगपूरला कारखाना काढायचा बेतही होता. सरकारी परवाना मात्र मिळाला नाही. १९७० मध्ये छोट्या मोटारीचं इरादापत्र दिल्लीत संजय गांधींना मिळालं आणि मारुतीची पहिली गाडी बाहेर पडायला १९८३ चा डिसेंबर उजाडला. मीरा तोवर विस्मरणात गेली होती. ती इंजिनाने हरली नव्हती. तिला शिक्का मिळाला नव्हता.

त्याच काळात मुंबईत आणखी एक शाळा चालू होती, नकळत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, १९३१ मध्ये फोर्ड आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ या अमेरिकन गाड्या बाहेर पडू लागल्या. देशात सुटे भाग बनवण्याची अट आल्यावर १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून निघून गेल्या. त्यांच्या गाड्या मात्र इथेच राहिल्या. आठ-आठ सिलिंडरची धुडं, पेट्रोल पिणारी, आणि सुटे भाग मिळायची सोय नाही. अशा गाड्या चालू ठेवायच्या तर मेकॅनिकला कारखानदार व्हावं लागतं. बुश लेथवर काढायचा, गॅस्केट कातडीसारखं कापायचं, तुटलेलं बीडकाम जोडायचं. पुढे जीपमध्ये आणि ॲम्बॅसडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवणं गावोगावच्या गॅरेजचं रोजचं काम झालं. त्याला कुणी ‘कस्टम’ म्हटलं नाही. पेट्रोल परवडत नाही, एवढंच कारण पुरेसं होतं.

अंबड या गोष्टीत शिरतं ते इथून. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. नाशिकला आधी सातपूरची आणि मग अंबडची औद्योगिक वसाहत उभी राहिली. सातपूरला महिंद्राचा गाड्यांचा आणि मायकोचा, म्हणजे आजच्या बॉशचा, डिझेल इंजेक्शनच्या भागांचा कारखाना. ओझरला एचएएलमध्ये तेव्हा मिग विमानं बनत. एवढे मोठे कारखाने आले की त्यांच्याभोवती छोट्या शेडची वस्ती वाढतेच. कुणी डाय बनवतो, कुणी फिक्श्चर, कुणी फक्त हीट ट्रीटमेंट करतो, कुणी आयुष्यभर एकाच मापाची पिन काढतो. एक्स्लो पॉइंटपासून गरवारे पॉइंटपर्यंत चक्कर मारली तर गाडीच्या बहुतेक प्रत्येक भागाचा कुणी ना कुणी जाणकार त्या पट्ट्यात सापडतो. शेजारी सिडकोने वसवलेलं नवीन नाशिक. शिफ्ट संपवून घरी येणारा टर्नर, फिटर, वेल्डर तिथेच राहतो. घरी गाडी बांधायला लागणारी सगळी सामग्री आणि सगळे हात सायकलच्या अंतरावर असलेली ठिकाणं देशात फार नसावीत.

घरी काय बांधावं, याची आवड काळाप्रमाणे बदलत गेली. आधी अर्थातच जीप. जीप ही बांधायला सगळ्यात क्षमाशील गाडी. शिडीसारखी चॅसी, सरळ पत्रा, काच कमी, लपवाछपवी नाही. पुढे टीव्ही आला, इंटरनेट आलं आणि अमेरिकन मसल कार पाहून मोठी झालेली पिढी आली. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या अंगात मोठ्या गाडीचं इंजिन. तिचा आरंभ साधारणपणे १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून मानतात. ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, ३२५ अश्वशक्ती. तसं आपल्याकडे काहीच नव्हतं. होती ती कॉन्टेसा.

हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ मध्ये बाजारात आली. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीचा, सत्तरच्या दशकातला. लांब बॉनेट, चौकोनी खांदे, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. दिसायला अगदी अमेरिकन चित्रपटातून उतरलेली. आत मात्र सुरुवातीला ॲम्बॅसडरचंच दीड लिटरचं, पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन. बाहेरून पैलवान आणि आतून कारकून. नंतर इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा ती ८८ अश्वशक्तीपर्यंत गेली. म्हणजे जीटीओच्या चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त. २००२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं आणि त्यानंतरच तिचं खरं कौतुक सुरू झालं. ‘भारताची मसल कार’ हे बिरूद लोकांनी तिला प्रामुख्याने तिच्या बॉनेटवरून दिलं आहे.

अशी गाडी बांधायला घेतली की पहिला महिना उत्साहाचा आणि दुसरा गंजाचा असतो. रंग खरवडला की खाली लांबी निघते, लांबीखाली आणखी जुनी लांबी आणि त्याखाली पत्राच नसतो. दरवाज्यांच्या तळाशी, डिकीत, पायाखालच्या फरशीत पाणी साठून पत्रा चाळणीसारखा झालेला असतो. तो कापायचा, नवा पत्रा वाकवून जोडायचा. ताप एका जागी जास्त झाला की पत्रा लाटेसारखा उठतो, म्हणून वेल्डिंग टिपक्या-टिपक्यांनी आणि जागा बदलत करावं लागतं. उसवलेल्या कपड्याला आधी टाके घालून मग शिवण मारावी, तसं हे काम. हातोडीने पोचे काढणारा जुना डेंटर मिळाला तर लांबी कमी लागते. असे डेंटर आता कमी होत चालले आहेत. नव्या गाड्यांत भाग ठोकत नाहीत, बदलतात.

इंजिन बदलायचं ठरलं तर खरा हिशेब तिथे सुरू होतो. इंजिन बसवायचे माउंट नवे, रेडिएटर मोठा, प्रोपेलर शाफ्टची लांबी वेगळी. शाफ्ट कापून जोडला तर तो पुन्हा बॅलन्स करावा लागतो, नाहीतर ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि शेवटी जॉइंट तुटतो. अंबडमध्ये ही कामं करून मिळतात. मोठ्या कंपनीच्या कामातून मशीन मोकळं झालं की जॉब लागतो, त्यामुळे ‘उद्या या’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवावी लागते. एका गाडीला तीन-चार वर्षं लागणं यात नवल काहीच नाही. पैसा पगारातून येतो, वेळ सुट्टीतून.

या सगळ्या वर्षांकडे मागे वळून पाहताना एक दोष आपल्या हौशी मंडळींच्या पदरात टाकावाच लागेल. लक्ष इंजिनाकडे, रंगाकडे आणि सायलेन्सरच्या आवाजाकडे, ब्रेककडे सगळ्यात शेवटी. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर दुप्पट नाही, साधारण चौपट होतं. पन्नास अश्वशक्तीसाठी घडवलेल्या ब्रेकवर दुप्पट ताकदीचं इंजिन बसवायचं आणि ड्रम तेच ठेवायचे, हा शहाणपणा नव्हे. स्टेअरिंगचे सांधे, सस्पेन्शनचे बुश, चाकांचे नट यांचा फोटो चांगला येत नाही, पण जीव त्यांच्यावर असतो.

कायद्याची भिंत उभी आहे ती काही अंशी याच कारणाने. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रावरचा तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. त्याच बनावटीचं इंजिन परवानगीने बदलता येतं. वेगळ्या घराण्याचं बसवलं की गाडी घरचीच राहते, रस्त्याची राहत नाही. २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी खास नोंदणी आणली, ‘व्हीए’ या अक्षरांची. पण ती पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी. जपणाऱ्याला दार उघडलं, घडवणाऱ्याला नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे गाव देशभर गाजलं. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांचे भाग जमवून साठेक हजार रुपयांत एक छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ही गाडी त्यांनी मुलाच्या हट्टासाठी केली होती. व्हिडिओ पसरला आणि महिंद्रा समूहाच्या आनंद महिंद्रांनी जाहीरपणे लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. तिच्या बदल्यात आपण बोलेरो देऊ आणि ही गाडी आपल्या संशोधन केंद्रात ठेवू. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. बोलेरो ही नाशिकच्या कारखान्यात बनणारी गाडी.

देणाऱ्याचा मोठेपणा खरा आणि घेणाऱ्याचा आनंदही खरा. तरी १९४९ आणि २०२१ शेजारी ठेवून पाहा. इचलकरंजीच्या गाडीला कारखान्याचा परवाना मिळाला नाही आणि देवराष्ट्रेच्या गाडीला रस्त्याचा. मधल्या बहात्तर वर्षांत या राज्यात मोटार उद्योग केवढा तरी वाढला, पण एकट्या माणसाने बनवलेली एकच गाडी तपासून ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असं सांगणारी खिडकी उघडली नाही. पुण्याची एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था वाहनांच्या चाचण्या घेते, पण तिथली वाट कारखानदाराच्या खिशाला झेपणारी. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची सरकारी तपासणी होते. ब्रेक, दिवे, धूर, पट्टे, टोकदार कडा पाहतात, पास झाली तर क्रमांक देतात, नापास झाली तर काय दुरुस्त करायचं ते लिहून देतात. अशी तपासणी असती तर आपल्या हौशी माणसानेही आधी ब्रेककडे पाहिलं असतं. परीक्षाच नसेल तर अभ्यास कोण करतो?

ही खिडकी कधी उघडायचीच झाली तर ती नाशिकमध्ये उघडावी. ब्रेक आणि दिवे यंत्रावर तपासण्याची सोय आरटीओकडे आहे, अंबडमध्ये इंजिनिअरिंग क्लस्टर आहे, आयमा आणि निमासारख्या उद्योजकांच्या संघटना आहेत, आणि सिडकोत ते हात आहेत. मागणी करायला या संघटनांनीच पुढे व्हावं.

तोवर ज्याला गाडी बांधायची आहे त्याने क्रम एवढा पाळावा. आधी नोंदणीपत्र पाहा, चॅसी आणि इंजिनाचा क्रमांक त्याच्याशी जुळवा. मग खाली वाकून फरशीचा गंज पाहा. पहिला पगार ब्रेकवर घाला. रंगाचं शेवटी बघता येईल.