रबराचे आवरण आणि त्याची पारख

कापड विकत घेणारा मनुष्य ते उजेडात धरून पाहतो. तांदूळ घेणारा चार दाणे तळहातावर चोळून पाहतो. परंतु औषधांच्या दुकानातून निरोध घ्यावयाचा असला, म्हणजे तोच मनुष्य इतर गिऱ्हाइके निघून जाण्याची वाट पाहतो, हलक्या आवाजात मागणी करतो आणि कागदात गुंडाळून मिळालेले पाकीट तसेच खिशात टाकतो. त्यावर काय छापले आहे हे तो वाचीत नाही. लैंगिक आरोग्याशी संबंध असलेल्या बहुतेक वस्तूंची खरेदी अशी संकोचाने होते, आणि तिच्यातून ओढवणारे पुष्कळसे धोके या संकोचामुळेच ओढवतात.

निरोध हे मुळात एका विशिष्ट मालाचे नाव. पुढे ते वस्तूचेच नाव होऊन बसले. भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ साली हाती घेतला. त्यापूर्वीच, १९२१ साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते व त्यापायी लोकनिंदाही सोसली होती. १९६८ साली १५ पैशांना तीन या दराने निरोध बाजारात आले. चहा, साबण यांसारखा नित्याचा माल खेडोपाडी पोहोचविणाऱ्या कंपन्यांकडेच त्यांचे वितरण सोपविल्यामुळे किराणा मालाच्या दुकानातही ते मिळू लागले. प्रथम हा माल परदेशातून येई. तिरुवनंतपुरम येथील हिंदुस्तान लॅटेक्सच्या कारखान्यात १९६९ साली उत्पादन सुरू झाले. रबराचे मळे केरळातच असल्याने कच्चा मालही जवळच उपलब्ध होता.

रबराच्या झाडाचा चीक लवकर साकळतो. म्हणून त्यात अमोनिया मिसळून तो पातळ राखतात. मग गंधक व इतर द्रव्ये घालून त्यात काचेचे साचे बुडवितात. एक थर वाळला की दुसऱ्यांदा बुडवितात, कारण पहिल्या थरात एखादे सूक्ष्म छिद्र राहिलेच, तर दुसऱ्या थराने ते बुजावे. उष्णता दिल्यावर गंधकामुळे रबराचे लांबलचक रेणू एकमेकांशी जोडले जातात, आणि तो मऊ चीक ताणला असता पुन्हा पूर्ववत होणारा पदार्थ बनतो. तयार आवरणाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते.

एवढ्या पातळ वस्तूतील छिद्र डोळ्यांना दिसणे शक्य नाही. ते विजेने शोधतात. प्रत्येक आवरण धातूच्या दांड्यावर चढवून त्याला विजेचा दाब देतात. रबर विद्युत्‌रोधक असल्याने अखंड आवरणातून प्रवाह जात नाही. छिद्र असेल तेथून तो जातो आणि तो नग बाजूला पडतो. याखेरीज प्रत्येक खेपेतून काही नमुने काढून त्यांत ३०० मिलिलिटर पाणी भरून गळती पाहतात, तर काही नमुने हवेने फुगवून फोडतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सर्वसाधारण रुंदीच्या आवरणाने फुटण्यापूर्वी निदान १८ लिटर हवा सामावून घेतली पाहिजे. घागरभर पाण्याहूनही हे आकारमान मोठे आहे! ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक नमुने नापास झाले, तर संपूर्ण खेप नाकारली जाते.

कारखान्यातून निघाल्यावर मात्र या वस्तूवर लक्ष ठेवणारा कोणी नसतो. ऊन, उष्णता व दमट हवा यांनी रबर ठिसूळ होते. उन्हात मांडलेल्या काचेच्या कपाटातील, पत्र्याखाली तापलेल्या खोलीतील किंवा महिनोन्‌महिने पैशांच्या पाकिटात दबून राहिलेले निरोध म्हणूनच वापरू नयेत. विकत घेताना उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, खेपेचा क्रमांक, निर्मात्याचे नाव व परवाना क्रमांक पाहावा. लहान पुडी बोटांनी दाबली असता आत हवेची गादी जाणवली पाहिजे. ती जाणवली नाही तर पुडीला कोठेतरी छेद आहे असे समजावे. पुडी दातांनी वा कात्रीने उघडू नये. एकावर एक दोन आवरणे चढविल्याने संरक्षण वाढते हा समज चुकीचा आहे. एकदा वापरलेले आवरण पुन्हा वापरता येत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

सर्वांत अधिक अपाय होतो तो तेलाने, आणि तेल तर आपल्याकडे घरोघर असते. खोबरेल, तूप, व्हॅसलीन किंवा अंगाला लावण्याचे मलम वंगण म्हणून वापरण्याची चूक सुजाण माणसेही करतात. तेल रबरात शिरून त्याची वीण सैल करते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खनिज तेलाशी अवघा एक मिनिट संपर्क आल्याने लॅटेक्सच्या आवरणाचे बळ सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पाहणाऱ्याला मात्र ते आवरण धडधाकटच दिसते. म्हणून पाण्यात मिसळणारे किंवा सिलिकोनचे वंगणच वापरावे. काही वंगणांत नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्रजंतुनाशक घातलेले असते. त्याने एचआयव्हीपासून संरक्षण मिळेल अशी एके काळी आशा होती. परंतु २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत लागण उलट अधिक आढळली, कारण त्याने अंतस्त्वचेला इजा होते. ज्यांना लॅटेक्समुळे खाज किंवा सूज येते त्यांच्यासाठी पॉलियुरेथेनची आवरणे असतात, व स्त्रियांनी वापरावयाचे नायट्राइलचे आवरणही मिळते. या दोन्हींना तेलाची बाधा होत नाही.

निरोध कितपत भरवशाचा? शंभर जोडप्यांनी वर्षभर तो प्रत्येक वेळी बिनचूक वापरला, तर सुमारे दोन स्त्रियांना गर्भ राहतो. प्रत्यक्ष व्यवहारात, म्हणजे विसरणे, उशीर करणे, चुकीच्या रीतीने चढविणे हे सारे जमेस धरता, ही संख्या १३ पर्यंत जाते. या दोन आकड्यांमधील अंतर मुख्यतः वापरणाऱ्याच्या हातचे आहे.

गर्भनिरोधाची याहून खात्रीची साधने आहेत. गर्भाशयात बसविण्याची तांब्याची तांबी तिच्या प्रकारानुसार दहा वर्षांपर्यंत काम देते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, १९९१ साली ‘सहेली’ या नावाने बाजारात आलेली गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदाच घ्यावी लागते. यांपैकी कोणते साधन कोणाला मानवेल हे डॉक्टरांनी प्रकृती पाहून ठरवावे. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: तांबी, गोळी वा शस्त्रक्रिया यांपैकी एकही साधन उपदंश, परमा किंवा एचआयव्ही यांची लागण थोपवीत नाही. ते काम आवरणाचे. तेदेखील, ज्या भागावर ते पोहोचत नाही तेथील त्वचेच्या स्पर्शाने पसरणाऱ्या रोगांपुढे काहीसे अपुरे पडते. म्हणून कावीळ-ब आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा एचपीव्ही विषाणू यांविरुद्धच्या लसींचे महत्त्व आहे.

बाजारात याच कपाटाच्या वरच्या फळीवर ‘शक्तिवर्धक’ बाटल्या मांडलेल्या असतात. लैंगिक सामर्थ्य वाढविण्याचे आश्वासन देणारी औषधांची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने निषिद्ध केली आहे. तरीही भिंती रंगतातच. केवळ वनस्पतींपासून बनविल्याचा दावा करणाऱ्या अशा चूर्णांत व गोळ्यांत सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेले अनेक देशांच्या तपासणीत सापडले आहे. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाचे असते. हृदयविकारासाठी नायट्रेट जातीचे औषध घेणाऱ्याच्या पोटात ते गेले, तर रक्तदाब एकाएकी उतरून प्राणावर बेतू शकते, आणि काय घेतले हे त्या बिचाऱ्याला सांगताही येत नाही. शिवाय अशी दुर्बलता हे पुष्कळदा मधुमेहाचे किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराचे पहिले लक्षण असते. बाटलीच्या नादी लागल्याने खऱ्या रोगाचे निदान लांबते.

लागणीची शंका आल्यास लाजेने घरगुती उपाय करीत बसू नये. उपदंश पेनिसिलिनने बरा होतो. पण त्याचा व्रण उपचारावाचूनही भरून येतो, तेव्हा रोग गेला असे समजून मनुष्य फसतो. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रांत विनामूल्य होते. २०१७ च्या कायद्याने त्यासाठी व्यक्तीची संमती आवश्यक ठरविली असून निष्कर्ष गुप्त राखण्याचे बंधन घातले आहे. १०९७ या क्रमांकावर दूरध्वनीने माहिती मिळते. संशयास्पद संबंधास ७२ तास झालेले नसतील, तर तपासणीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात जावे, कारण त्या मुदतीत सुरू केलेल्या औषधांनी लागण टळू शकते. मुदत टळली असल्यास तपासणी करावी. पहिली निर्दोष आली तरी संबंधापासून तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी, आणि तोपर्यंत निरोध वापरावा.