मते वाढली, सत्ता हुकली

डावा नेता जास्त मतदार ओढतो की मध्यममार्गी, हे ब्रिटनच्या निकालांवरून ठरवायचे तर मते आणि जागा वेगळ्या मोजायला हव्यात. २०१७ मध्ये डाव्या जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाला ४० टक्के मते मिळाली, जागा २६२. २०२४ मध्ये कीर स्टार्मर यांनी पक्ष मध्याकडे आणला. मते ३४ टक्क्यांच्या आतच राहिली, जागा मात्र ४११ झाल्या. उजवी मते हुजूर पक्ष आणि रिफॉर्म यूकेमध्ये फुटली, हे त्याचे मोठे कारण. म्हणूनच स्टार्मर यांनी मतदार जिंकला, हे म्हणणे मला घाईचे वाटते.

यावर २०१९ दाखवले जाते: नेते तेच कॉर्बिन, मते ३२ टक्के. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. विद्यापीठाचे शुल्क रद्द करण्याचे आश्वासन देणाऱ्या पक्षाने २०१७ मध्ये विद्यार्थ्यांचे कँटरबरी अवघ्या १८७ मतांनी जिंकले आणि २०१९ च्या पडझडीतही राखले. गेले ते जुन्या कोळसा खाणींचे बोल्सोव्हर, जिथून कट्टर डावे डेनिस स्किनर १९७० पासून निवडून येत होते. तिथल्या बहुसंख्य मतदारांना ब्रेक्झिट हवे होते आणि पक्ष पुन्हा सार्वमत घ्यायला निघाला होता.