बंगळूरची झाडं : आधी कामाची, मग शोभेची

दरवर्षी टॅबेबुया फुलला की बंगळूरच्या गुलाबी रस्त्यांचे फोटो आपल्या फोनवर येऊन आदळतात. शहरात सतत कुठे ना कुठे बहर असावा, एक रस्ता ओसरला की दुसरा फुलावा, ही योजना गुस्ताव्ह क्रुंबिगेल या जर्मन माणसाची. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या बागा उभ्या करून ते 1908 साली बंगळूरच्या लालबाग या वनस्पती उद्यानात आले.

त्यांच्या आधी लालबाग सांभाळणारे जॉन कॅमेरॉन यांची नजर वेगळी होती. 1874 पासून ते परदेशी रोपं आणून इथल्या हवेत रुजवून बघत. पोटाला, धंद्याला काय उपयोगी पडेल हा पहिला प्रश्न. चाऊचाऊचा वेल त्यांनीच इथे आणला असं सांगतात. तमिळ मंडळी त्या भाजीला अजून ‘बंगळूर वांगं’च म्हणतात.

क्रुंबिगेल यांच्यानंतर रंगाची गोडी वाढत गेली. गुलमोहर मादागास्करचा, जॅकरंडा दक्षिण अमेरिकेचा, पिचकारी आफ्रिकेची. पिचकारीची कळी दाबली की पाण्याची चिळकांडी उडते, मुलांची चैन! लाकूड मात्र कुचकामी. गुलमोहरही वळवाच्या वाऱ्यात फांद्या टाकतो. ऐंशीच्या दशकात वन अधिकारी सेतुराम नेगिनहाळ यांनी शहरात सुमारे 15 लाख झाडं लावली. आजची बरीचशी सावली त्यांची.

या सगळ्या झगमगाटात दोन इथलीच झाडं मागे पडली. एक चंदन. टिपूनं 1792 मध्ये त्याला राजवृक्ष ठरवलं. पुढे चंदन तेल काढण्यासाठी जर्मनीला जाई. पहिल्या महायुद्धानं ती वाट बंद झाली, तेव्हा 1916 मध्ये म्हैसूर संस्थानानं स्वतःच तेल गाळायला घेतलं आणि त्यातून चंदनाचा तो प्रसिद्ध साबण आला. चंदन अर्धपरोपजीवी, शेजारच्या झाडाच्या मुळांत आपली मुळं घुसवून अन्न घेणारं. 2001 च्या कायदाबदलानंतर कर्नाटकात ते जमीनमालकाचं झालं खरं, पण चोरांच्या धाकानं दारात लावायला कोण धजावतो?

दुसरा करंज, कानडीत होंगे. चंदनाला मुळांतून पोसणाऱ्या झाडांपैकी हा एक. चपटी, टणक शेंग. आत बहुधा एकच बी. तिचं कडू तेल दिव्यात जळे, कातडी कमवायला आणि साबणाला चाले, खरजेवर लागे. पेंड नि पाला शेताला खत. पानांवर किडीचे पांढरट चट्टे पडतात म्हणून हौशी लोक नाकं मुरडतात, झाडाला त्याचं काही नसतं.

माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत बंगळूरनं डोळ्यांचे लाड पुरेसे केले. बहर दहा-पंधरा दिवसांचा; ऊन चार महिन्यांचं. करंजाला ऐन मार्च-एप्रिलमध्ये, उन्हाळा तापू लागतानाच, कोवळी दाट पालवी येते. तुमच्या फाटकापुढे एकाच झाडापुरती जागा असेल, तर टॅबेबुया शेजाऱ्याला लावू द्या आणि तुम्ही करंज लावा.